प्यूमा ६ वरून ७ वर: सोयाबीनपासून हरभऱ्यापर्यंत वापरून आलेला अनुभव

आमचं काम लहान आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं कौतुक आणि तक्रार दोन्ही त्याच मापानं वाचता येईल. लातूरच्या बाजारातल्या काही आडत्यांसाठी आम्ही दोघांनी रेल्समध्ये (रुबी भाषेतली, वेब ॲप बांधायची चौकट) पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशेबाच्या पावतीचं, सॉफ्टवेअर लिहिलंय. माल येतो, कट्टे मोजले जातात, सौद्यात भाव लागतो, मुनीमजी आकडे भरतात, पट्टी छापून निघते आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जातो. सर्व्हर एकच, चार जीबीचा. पुढं एंजिनएक्स, म्हणजे बाहेरच्या विनंत्या घेऊन मागं धाडणारा सर्व्हर; मागं प्यूमा, म्हणजे आमचं रेल्स ॲप चालवणारा सर्व्हर; त्याचे दोन वर्कर, म्हणजे ॲप चालवणाऱ्या दोन प्रोसेस. दिवसभर सगळं निवांत असतं. सौदा निघाला की तासभर सगळे एकदम तुटून पडतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये प्यूमा ७.० आलं आणि दहा-बारा दिवसांत मी ते चढवलं. भागीदार म्हणाला होता, "आरं, हंगाम तोंडावर आलाय, चालत्या तिफणीचा फण कशाला बदलायलास?" मी ऐकलं नाही. आता सोयाबीन संपून हरभऱ्याची आवक सुरू आहे. इतक्या दिवसांनी तो पूर्ण बरोबर नव्हता आणि मीही नव्हतो, असं वाटतं.

घाई करायला कारण होतं. दोन जुनी दुखणी होती. एक म्हणजे सौद्याच्या तासात एखाद्या आडतीवर स्क्रीन पाच-सात सेकंद अडकायची आणि त्याच मिनिटाला शेजारच्या आडतीवर झटक्यात उघडायची. डेटाबेस तपासला, इंडेक्स लावले, काडीचा फरक नाही. दुसरं त्याहून चमत्कारिक. दिवसातून कधीतरी एखाद्याला ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर आलं नाही, अशी त्रुटी) दिसायचा, आणि तोही फक्त पट्टी सेव्ह करताना. नुसती पट्टी उघडून बघताना कधीच नाही. मुनीमजींचं म्हणणं असं की सॉफ्टवेअरला पैशाची भीती वाटते.

पहिल्या दुखण्याचं मूळ कीप-अलाइव्हमध्ये होतं. एंजिनएक्स आणि प्यूमा यांच्यातली कनेक्शनं आम्ही उघडी ठेवायचो, दर विनंतीला नवं कनेक्शन जोडायचा खर्च वाचावा म्हणून. ७ च्या आधी प्यूमाचा थ्रेड (वर्करच्या आत विनंत्या हाताळणारा धागा) एक विनंती संपवली की त्याच कनेक्शनवर पुढची आलीय का ते बघायचा, आणि आली असली तर तीच हातात घ्यायचा. असं सलग दहा वेळा, मागं दुसरे ताटकळत असले तरी. त्या दहाच्या आकड्याला मॅक्स फास्ट इनलाइन म्हणायचे. काट्यावर एका गाडीचे दहा कट्टे सलग चढवावेत आणि मागचा एक कट्टेवाला उन्हात उभा राहावा, तसं. विनंत्या थोड्या असल्या तर कळतही नाही. गर्दीत मात्र ज्याच्या नशिबी तसा थ्रेड येतो त्याची स्क्रीन अडकते आणि शेजाऱ्याची पळते. सरासरी वेळ बघत बसलो तर हे दिसतच नाही, आणि मी वर्षभर सरासरीच बघत होतो. ७.० मध्ये ही तऱ्हा गेली. मागं कोणी थांबलेलं असेल तर त्या कनेक्शनची पुढची विनंती रांगेत जाते. जुनं सेटिंग जाऊन मॅक्स कीप-अलाइव्ह आलं, मूळ आकडा ९९९: एका कनेक्शनवर इतक्या विनंत्या झाल्या की ते बंद.

दुसऱ्या दुखण्याचा उलगडा जास्त गमतीचा आहे. कनेक्शन रिकामं पडून राहिलं तर ते किती वेळानं बंद करायचं, याचा प्यूमाचा मूळ आकडा २० सेकंद होता. एंजिनएक्सकडं मागच्या सर्व्हरशी जोडलेल्या रिकाम्या कनेक्शनसाठी तोच आकडा ६० सेकंद. म्हणजे विसाव्या सेकंदाला प्यूमा दार लावून घेतो आणि एंजिनएक्सला ते अजून उघडंच वाटतं. नेमकं दार लागत असताना विनंती आत गेली की संपलं. माहिती नुसती मागायची विनंती असेल तर एंजिनएक्स गुपचूप दुसऱ्यांदा पाठवतो, माणसाला पत्ताही लागत नाही. पण सेव्हची विनंती एकदा पाठवली की तो पुन्हा पाठवत नाही, कारण पट्टी दोनदा बनायची भीती. तो सरळ ५०२ दाखवतो. मुनीमजींचं निदान तसं बरोबरच निघालं! ७.० मध्ये प्यूमाचा आकडा ६५ झाला, म्हणजे आता दार आधी एंजिनएक्स लावतो. त्या दिवसापासून तो ५०२ आमच्याकडं आलेला नाही. हे मी कॉन्फिगमध्ये एक ओळ लिहून चार वर्षांपूर्वीच करू शकलो असतो, हे लिहिताना बरं वाटत नाही.

इथवर सगळं गोड.

आता आधीच्या उड्यांबद्दल थोडं, कारण त्यांच्यामुळंच मी गाफील राहिलो. ४.३ वरून ५ वर गेलो तेव्हा पहिल्याच डिप्लॉयला, म्हणजे नवं कोड सर्व्हरवर चढवताना, सर्व्हर उठलाच नाही. ५.० मधून डीमनाइझ (प्यूमानं स्वतःच मागं जाऊन चालत राहायचा पर्याय) काढून टाकलं होतं आणि आमच्या स्क्रिप्टमध्ये ती खूण तशीच होती. प्यूमानं तोंडावर सांगितलं की हा पर्याय ओळखत नाही. अर्धा तास शिव्या दिल्या, मग सिस्टिमडीची (लिनक्सवर प्रोग्राम चालू ठेवणारी व्यवस्था) फाइल लिहिली आणि उलट फायदाच झाला. तेव्हा मशीन आमच्याच ऑफिसात होतं; लाइट जायची, इन्व्हर्टर दम सोडायचा, आणि लाइट आल्यावर कोणीतरी हातानं प्यूमा चालू करायला धावायचं. सिस्टिमडीमुळं ते आपसूक उठायला लागलं.

५ वरून ६ वर जाणं तर कळलंच नाही. ६.० चं टोपणनाव सनफ्लॉवर. आमच्या भागात एकेकाळी सूर्यफुलाची पिवळीधमक रानं असायची, आता बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन. त्यामुळं ते नाव तेवढं लक्षात राहिलं. आतला बदल मात्र कामाचा होता. हाताशी काम असलेला वर्कर नवी विनंती उचलण्याआधी ५ मिलिसेकंद थांबतो, म्हणजे रिकामा वर्कर असला तर त्याला ती मिळते. ५ मध्ये हे प्रायोगिक म्हणून बंद ठेवलं होतं, ६ मध्ये आपोआप चालू झालं. आणि नाकायोशी फोर्क नावाचा मेमरीचा एक प्रयोग, जो मी कुठंतरी वाचून कॉन्फिगमध्ये टाकला होता, तो ६ नं काढून टाकला. तो काय करायचा हे मला तेव्हाही नीट माहीत नव्हतं.

तर दोन उड्यांचा अनुभव असा: काही मोडलं तर प्यूमा ओरडून सांगतो, नाही ओरडला तर सगळं ठीक. ७ ला हेच गृहीत धरून बसलो.

७.० नं चढताना थोडी कुरकुर केलीच. रुबी ३.० किंवा पुढची लागते, ती होती. हूकची, म्हणजे ठराविक क्षणी आपला कोड चालवायच्या जागांची, नावं बदललीत: ऑन वर्कर बूट आता बिफोर वर्कर बूट, ऑन रिस्टार्ट आता बिफोर रिस्टार्ट, ऑन बूटेड आता आफ्टर बूटेड. जुनं नाव चालतं, पण लॉगमध्ये ताकीद येते की ८ मध्ये हे जाणार. नवीन नावं खरंच चांगली आहेत. "ऑन" म्हणजे आधी की नंतर, याचा घोळ मी प्रत्येक वेळी घालायचो. ताकिदी बघितल्या, नावं बदलली, लॉग स्वच्छ झाला, समाधानानं झोपलो.

सप्टेंबरच्या शेवटी मराठवाड्यात काय पाऊस झाला ते सांगायला नको. रानात पाणी साचलं, शेंगा काळ्या पडल्या, आवक लांबली आणि दसऱ्यानंतर जी आली ती ओली. त्या हंगामाचा (२०२५-२६) हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता, पण १२ टक्क्यांच्या वर ओलावा असलेल्या मालाला तो कोण देतो? भाव ओलाव्यावर ठरायला लागले, आणि आडत्यांनी एका सुरात मागणी केली की पट्टीवर ओलाव्याचा रकाना पाहिजे, आजच पाहिजे. छोटं काम होतं. सकाळी बसून केलं आणि साडेअकराला, सौदा निघायच्या जरा आधी, बिनधास्त डिप्लॉय केलं.

बिनधास्त, कारण आम्ही फेज्ड रिस्टार्ट वापरायचो. त्यात प्यूमा एकेक वर्कर बदलतो: पहिला नव्या कोडवर उठून तयार झाला की मग दुसऱ्याला हात लावतो. लोकांना कळतही नाही. कितीतरी वर्षं भर बाजारात असंच करत आलो.

दोन मिनिटांत फोन. "सायेब, निस्तं चाक फिरायलंय." मग दुसऱ्या आडतीवरून, मग तिसऱ्या. आमचं ॲप उठायला पंचवीस-तीस सेकंद घेतं, तेवढाच वेळ सगळं थबकलं आणि सुरू झालं. पण सौद्याच्या वेळी तीस सेकंद म्हणजे काय ते त्या काउंटरवर उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. पहिल्या फोनवाले मुनीमजी पुढं म्हणाले, "मी दोनदा दाबलो सेव्हचं बटन. आता दोन पट्ट्या दिसायल्यात." दोन नाही, तपासलं तर चार आडतींवर मिळून नऊ पट्ट्या दुहेरी झालेल्या. थांबलेल्या विनंत्या हरवल्या नव्हत्या. सॉकेट उघडं असतं, त्या बाहेर रांगेत उभ्या असतात आणि ॲप उठल्यावर इमानदारीनं एकेक आत येतात. दोनदा दाबलेल्या दोनदा येतात. (बटन एकदा दाबल्यावर बंद करणं आणि सर्व्हरकडं दुहेरी नोंद ओळखणं, हे आमचं काम होतं. प्यूमाचा त्यात दोष नाही. केलंय आता.)

त्या गडबडीत दुसरी गोष्ट दुपारी कळली. एक म्हातारे काका आडतीवर येऊन बसले होते: बाकीच्यांना मेसेज आला, मला का नाही? लॉगमध्ये त्यांचा मेसेज "पाठवला" असं. मी साहजिकच मेसेज पाठवणाऱ्या कंपनीला धारेवर धरलं. त्यांनी शांतपणे कळवलं की आमच्याकडं ही विनंतीच आलेली नाही. तरी तासभर भांडलो.

दोन्हीचं मूळ एकच, आणि ते कुठंही ओरडलेलं नाही. ७.० पासून, एकाहून जास्त वर्कर असतील तर प्रीलोड अ‍ॅप आपोआप चालू असतं. ५ पासून ते फक्त वर्करची संख्या वेब कन्करन्सी या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून दिलेली असेल तरच आपोआप चालू व्हायचं. आमची संख्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेली, त्यामुळं आम्ही त्यातून सुटलो होतो. प्रीलोड म्हणजे मुख्य प्रोसेस आधी सगळं ॲप चढवते आणि मग फोर्क करून, म्हणजे स्वतःची नक्कल काढून, वर्कर काढते. मेमरी वाचते, कारण न बदललेली पानं सगळे वर्कर वाटून वापरतात. पण वर्कर मुख्य प्रोसेसच्या पोटातून ॲप घेऊनच जन्मतो, म्हणून नुसता वर्कर बदलून नवं कोड येत नाही. तेव्हा प्रीलोड चालू असताना फेज्ड रिस्टार्ट होऊच शकत नाही. मग प्यूमा काय करतो? लॉगमध्ये एक ओळ लिहितो, की फेज्ड रिस्टार्ट मागितला पण उपलब्ध नाही, नेहमीसारखा रिस्टार्ट करतोय. आणि करतो. आज्ञा यशस्वी, स्क्रिप्टला हिरवी खूण.

मेसेजचं तसंच. त्या कंपनीशी सुरक्षित कनेक्शन आम्ही ॲप सुरू होताना, इनिशियलायझरमध्ये, एकदाच उघडायचो. प्रीलोड नव्हतं तोवर प्रत्येक वर्कर स्वतः ॲप चढवायचा, म्हणून प्रत्येकाचं कनेक्शन वेगळं. आता ते मुख्य प्रोसेसमध्ये उघडलं आणि दोन्ही वर्करना तेच एक वारशात आलं, जशी दोन भावांच्या नावावर एक विहीर. एन्क्रिप्शनचा हिशेब मात्र प्रत्येकानं आपापल्या डोक्यात वेगळा ठेवलेला. एकानं पाठवलं, दुसऱ्यानं त्याच क्रमांकानं पाठवलं, पलीकडच्या सर्व्हरनं खोटं समजून कनेक्शन तोडलं. त्यानंतर दोन्ही वर्कर आपापलं नवं कनेक्शन उघडायचे आणि मग दिवसभर सुरळीत. म्हणजे बिघाड फक्त रिस्टार्टनंतरच्या पहिल्या काही मेसेजांपुरता. वर आमचा कोड असा की त्रुटी गिळून "पाठवला" लिहायचा. तो तीन वर्षांपूर्वी मी लिहिलाय, रात्री दोनला, असं कमिटवरून दिसतं.

डेटाबेसचं असं काही झालं नाही, कारण फोर्कनंतर कनेक्शन नव्यानं जोडायचं काम रेल्स ५.२ पासून स्वतः करतं. मेसेजचं कनेक्शन उघडायचा कोड उचलून बिफोर वर्कर बूटमध्ये टाकला, संपलं.

काकांचा भाव त्यांना फोनवर सांगितला. ते म्हणाले, "ते मला तोंडी कळलंय रे बाबा, पण पोराला दाखवायला मेसेज पाहिजे." हातानं पाठवला.

आता ही चूक कोणाची? बदलांच्या फाइलमध्ये आणि अपग्रेडच्या माहितीत प्रीलोडचा बदल स्पष्ट लिहिलेला आहे. मी हूकच्या नावांपर्यंत वाचून थांबलो, कारण लॉगमध्ये तेच दिसत होतं. तरी एक तक्रार राहतेच. नाव बदललं तर ताकीद देता, आणि फेज्ड रिस्टार्ट मागितल्यावर गुमान दुसराच रिस्टार्ट करता? ती ओळ साधी माहिती म्हणून न लिहिता आज्ञाच नापास करायला हवी होती. काढून टाकलेलं डीमनाइझ अर्ध्या तासात निस्तरलं. बदललेल्या मूळ सेटिंगनं माझी अख्खी दुपार खाल्ली.

तेव्हापासून नवं व्हर्जन आलं की मी आधी एकच फाइल उघडतो. प्यूमाच्या लिब फोल्डरमध्ये कॉन्फिगरेशन नावाची रुबी फाइल आहे, तिच्यात डिफॉल्ट्स नावाचा हॅश, म्हणजे मूळ सेटिंगांची यादी. दोन व्हर्जनच्या टॅगमध्ये त्या एका फाइलचा गिट डिफ, म्हणजे काय काय बदललं ते, काढायचा. ६ ते ७ चा काढला तेव्हा २० चा ६५ झालेला, प्रीलोडचा बदल, सगळं एकाच ठिकाणी समोर होतं. चहा संपायच्या आत वाचून होतं. पूर्वी मी सगळ्या कोडचा डिफ उघडायचो आणि एचटीटीपी पार्सरच्या सी कोडमध्ये हरवायचो. तो पार्सर मोंगरेल या जुन्या रुबी सर्व्हरच्या काळापासून चालत आलाय, रॅगेल नावाच्या साधनानं बनवलेला, आणि तिथं आपल्यासारख्याला काही सापडत नाही.

सुरक्षेच्या दुरुस्त्यांबद्दल मात्र प्यूमाला पूर्ण गुण. सप्टेंबर २०२४ मधली सीव्हीई-२०२४-४५६१४ (सुरक्षेच्या त्रुटीचा नोंदणी क्रमांक) आठवते. हेडरच्या (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीच्या) नावात आडवी रेघ असो की अंडरस्कोअर, रॅकपर्यंत (प्यूमा आणि रेल्स यांच्यामधला दुवा) पोचेतो दोन्हींचं नाव एकच होतं. त्यामुळं बाहेरच्या माणसानं अंडरस्कोअर घालून फॉरवर्डेड फॉर (विनंती मुळात कोणत्या पत्त्यावरून आली ते सांगणारा हेडर) पाठवला, तर पुढच्या प्रॉक्सीनं लिहिलेल्या खऱ्या पत्त्यावर तो बसू शकायचा. आमच्याकडं काही कामं आडतीच्याच आयपीवरून चालतात, म्हणून घाम फुटला. तपासलं तर एंजिनएक्स अंडरस्कोअरवाले हेडर मुळातच टाकून देतो, तुम्ही मुद्दाम चालू केलं नसेल तर. वाचलो होतो. दुरुस्ती ६.४.३ मध्ये आली आणि त्याच वेळी जुन्या शाखेत ५.६.९ मध्येही. मागं राहिलेल्यांना वाऱ्यावर सोडत नाहीत, ही गोष्ट लहान गावातल्या आमच्यासारख्यांना फार मोठी वाटते. आमचा दुसरा सर्व्हर तेव्हा ५.६ वरच होता.

तो दुसरा सर्व्हर एका कोचिंग क्लासच्या सराव परीक्षांचा आहे. तिथं प्रीलोड चालूच ठेवलंय. निकाल लागला की सगळी पोरं आणि त्यांचे आईबाप एकाच मिनिटाला उघडतात, मशीन लहान, आणि मेमरी वाचल्यामुळं त्याच मशीनवर तिसरा वर्कर बसला. डिप्लॉय रात्री करतो, तीस सेकंद कोणी बघायला नसतं. बाजारच्या सर्व्हरवर प्रीलोड उघडपणे बंद लिहिलंय आणि फेज्ड रिस्टार्ट परत आणलाय. मेमरी जास्त जाते, जाऊ दे. फेज्डमध्ये काही क्षण जुनं आणि नवं कोड शेजारी चालतं, त्यामुळं टेबलचा रकाना काढायचा असेल तर दोन टप्प्यांत काढावा लागतो. ती सवय आम्हाला होतीच.

थ्रेडचे पाचाचे तीन केले तेही याच काळात. हे प्यूमाचं नाही, रेल्स ७.२ नं नव्या ॲपसाठी मूळ आकडा बदललाय. रुबीचं कुलूप एका प्रोसेसमध्ये एका वेळी एकाच थ्रेडला रुबी चालवू देतं, बाकीचे डेटाबेसची वाट बघत असतील तेव्हाच खरा फायदा. आमच्या पट्टीत हिशेबच जास्त, वाट बघणं कमी. तीनवर सौद्याचा तास जरा बरा जातो. किती बरा, ते मोजलेलं नाही.

हमी द्यायची तर एवढीच देतो, की ७ वर जा, पण प्रीलोडची ओळ आपल्या कॉन्फिगमध्ये स्वतःच्या हातानं लिहून जा, चालू किंवा बंद काहीही. भागीदारानं डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी घातल्यात. लॉगमध्ये ती "उपलब्ध नाही" ओळ दिसली की स्क्रिप्ट लाल होते. आणि अकरा ते चार या वेळात ती चालतच नाही, मी कितीही विनवण्या केल्या तरी. मागच्या आठवड्यात हरभऱ्याच्या पट्टीतली एक चूक साडेअकराला सापडली. चार वाजेपर्यंत मुनीमजींनी पेनानं दुरुस्त करून पट्ट्या दिल्या.